अक्काचा कांदा

विलासभाऊचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत नववीच्या मुलांना वास कसा घ्यायचा ते शिकवत होतो. अमोनियाची बाटली थेट नाकाला लावायची नसते, लांब धरून तळहातानं वारा घालत वास नाकाकडे आणायचा असतो, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी एक तरी शहाणा बाटलीत नाक घालून डोळे पुसत बसतो. खिशातला फोन थरथरला. विलासभाऊ म्हणजे माझा आतेभाऊ, दोंडाईच्याला असतो. एरवी भरदुपारी कधी फोन करत नाही. मी बाहेर व्हरांड्यात आलो. "हर्षू, अक्का गई रे..." एवढंच म्हणाला. मिरच्यांचे देठ खुडत ओट्यावर बसली होती, जरा टेकते म्हणाली आणि टेकली ती उठलीच नाही. मी वर्गात परत आलो. खोलीभर अमोनियाचा उग्र दर्प पसरला होता आणि तो माझ्या दोन्ही नाकपुड्यांतून थेट आत जात होता. मला रडू आलं. मुलांना वाटलं, सरांना अमोनिया लागला.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. पण अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं, मग मीही अक्काच म्हणायला लागलो. तिला जाऊन आता महिना उलटून गेलाय. माणूस गेलं की त्याच्याविषयी गोड गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. अक्काला ती रीत मुळीच आवडायची नाही. कुणाच्या दहाव्याला बायका गुणगान गाऊ लागल्या की ती मधेच म्हणायची, "बय, उधारना तूपना पैसा बी तिनीच बुडायेल." त्यामुळे मी तिची चूक आधी सांगतो, कारण तिचा मोठेपणा त्या चुकीच्या पोटातच आहे.

दोंडाईच्याचा उन्हाळा ज्यानं सोसला नाही त्याला घोळणा फुटणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. मे महिन्यात तिथे भिंतीला टेकलं तरी पाठ भाजते. पोरं खेळता खेळता थांबतात, नाकाखाली हात लावतात, हात लाल. अशी पोरं मग अक्काच्या ओट्यावर आणली जायची. तिच्या सासूकडून तिला ही विद्या मिळाली होती. पोराला न्हाणीजवळच्या दगडावर बसवायचं, मान मागे टाकायला लावायची, टाळूवर थंड पाण्याची धार धरायची आणि बुक्कीनं फोडलेला कांदा नाकाशी धरायचा. "येस का वास?" अक्का विचारायची. पोरगं "येस" म्हणालं की झालं. थोड्या वेळानं रक्त थांबायचं. ते तसंही थांबलंच असतं, हे आज मी विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगू शकतो, पण तेव्हा सगळं श्रेय कांद्याला जायचं. अक्काच्या हाताला गुण आहे, असं बाया म्हणायच्या आणि अक्का पदर सारखा करत "माय, देवनी किरपा" म्हणायची. मनातून मात्र खूश असायची.

मी तेरा वर्षांचा होतो. आम्ही जळगावला राहायचो आणि सुट्टी लागली की बाबा मला पॅसेंजरनं दोंडाईच्याला सोडून यायचे. त्या उन्हाळ्यात माझा घोळणा सारखा फुटत होता. कधी जेवताना, कधी नुसता वाकलो तरी. रक्तही थोडंथोडकं नाही, बनियन भिजायचं. अक्कानं आपली सगळी विद्या माझ्यावर पणाला लावली. "उन्हायानी गरमी शे, बाकी काही नही," ती बाबांना म्हणाली. सब्जा पाजला, गुलकंद चारला, आणि कांदा तर इतक्यांदा हुंगवला की माझ्या अंगाला कांद्याच्या चाळीचा वास येत असावा. मला वास यायचा का? यायचा की! उजव्या नाकपुडीतून यायचा. डावी तर केव्हापासून चोंदलेलीच होती, पण कांदा दोन्हींसमोर एकदम धरलेला, आणि ती विचारायची वास येतो का... मी खरंच सांगत होतो. ही चूक कुणाच्या लक्षात यायची?

जळगावला परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब दिले. सर्दी मुरलीय, म्हणाले. शाळेत मी नाकातून बोलायला लागलो म्हणून पोरांनी मला "गेंगाण्या" करून टाकलं. झोपेत मी इतका घोरायचो की बाबा म्हणायचे, घरात आणखी एक म्हातारा आणून ठेवलाय. पावसाळा गेला, दिवाळी गेली. घोळणा मधूनमधून फुटतच होता, आणि घरातल्या प्रत्येकाकडे त्याचं एकेक कारण होतं. आंबे जास्त झाले, मग शेंगदाणे जास्त झाले, मग दिवाळीचं तळण. खानदेशात उष्णतेला कारण सापडायला काय उशीर!

नाताळाच्या सुट्टीत मी पुन्हा अक्काकडे गेलो. दोंडाईच्याच्या बाहेर मिरचीच्या पथारी पडल्या होत्या, लांबून पाहिलं तर शेतात लाल सतरंज्या अंथरल्यासारख्या. वाऱ्याबरोबर गावात मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट यायचा आणि येणारा-जाणारा शिंकत जायचा. थंडी अशी की सकाळी बादलीत हात घालवत नव्हता. अशा थंडीत, गोधडी पांघरून बसलेलो असताना, माझा घोळणा फुटला. अक्कानं नेहमीसारखा तांब्या भरला, पण पाणी ओतायला हात उचलेना. "इतली थंडीमा कसाले फुटना रे?" ती स्वतःशीच म्हणाली. त्या दिवशी तिनं कांदा आणला, पण तिचा जीव त्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागच्या अंगणातल्या चुलीवर दूध ठेवलं, मला लक्ष ठेवायला सांगितलं आणि गल्लीच्या टोकाच्या घरी ताक आणायला गेली. मी चुलीशी शेकत पुस्तक वाचत होतो. दूध उतू गेलं, निखाऱ्यावर सांडलं, उरलेलं तळाला करपलं. त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथून अक्का धावत आली, तिच्यामागे चार बाया, आणि बघते तर मी चुलीपासून दोन हातांवर शांतपणे पान उलटतोय. "मेल्या, दूध जयनं ना! तुले वास नही उना?" नाही, म्हणालो. तिचा हात धपाटा घालायला वर गेला होता तो तसाच वर राहिला. मग ती आत गेली, कांदा फोडून घेऊन आली, माझ्यासमोर उकिडवी बसली. अंगठ्यानं माझी डावी नाकपुडी दाबली. "ह्या नाकमा येस का?" येस. तोही बारीकसाच, कांदा नाकाला टेकला म्हणून. मग उजवी दाबली. "आनि ह्या नाकमा?" मला वास तर सोडाच, श्वासही घेता येईना. मी तोंड उघडलं.

अक्का तशीच बसून राहिली. कांदा तिच्या हातात होता. आयुष्यभर ज्या कांद्यानं तिला गावात मान मिळवून दिला, त्याच्याकडे ती बघत होती. मग म्हणाली, "हाई मन्हं काम नही." आणि विलासभाऊला हाक मारून म्हणाली, पथारीवरच्या मुकादमाला सांग आज कामावर दांडी, पोराला धुळ्याला न्यायचंय, आजच.

हे वाक्य किती जड होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आपल्याकडे गुण देणारा माणूस कधी हरत नाही. गुण आला तर त्याचा हात, नाही आला तर आपलं नशीब. अक्का चार बायांसमोर, स्वतःच्या अंगणात, हे आपलं काम नव्हे असं म्हणाली. उशिरा म्हणाली, पण म्हणाली.

धुळ्याला कान-नाक-घशाच्या एक डॉक्टरबाई होत्या, जेमतेम पस्तिशीच्या. त्यांनी नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं, फोटो काढायला लावले आणि तोवर जळगावहून आई-बाबा येऊन पोचले. डावीकडे मागच्या बाजूला गाठ आहे, असं त्या म्हणाल्या. गाठ हा शब्द ऐकताच आईनं भिंत धरली. डॉक्टरबाई घाईनं म्हणाल्या, "कॅन्सर नाही हा. वयात येणाऱ्या मुलग्यांना क्वचित होते अशी. पण साधीही समजू नका. आत नुसतं रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, वाढली तर डोळ्याकडे, मेंदूकडे सरकते. हिचा तुकडाही काढून बघायचा नाही, रक्त थांबणार नाही. मुंबईला तयारीनंच काढायची." आणि नाकात कुणी काडीसुद्धा घालायची नाही, असं दरडावून सांगितलं.

बाहेर बाकावर आलो आणि आई फुटली. "अक्का, अख्खा उन्हाळा घातलात तुमच्या कांद्यात! पोराच्या डोळ्याचं काही झालं असतं तर?" आई जळगावात वाढलेली. तिला अहिराणी कळायची, पण तोंडून कधी काढायची नाही. अक्काच्या बोलण्याला ती "तुमचं ते शे-शे" म्हणायची. अक्कानं एकदाही म्हटलं नाही की तुमच्याही डॉक्टरला कळलं नव्हतं, की शेवटी मीच इथे आणला. ती म्हणाली, "मन्हं चुकनं, सुनंदा." मग परत दार ढकलून डॉक्टरबाईंकडे गेली आणि विचारलं, कांद्यानं गाठ वाढली का? बाई म्हणाल्या, "अक्का, कांद्यानं गाठ होत नाही आणि कांद्यानं जातही नाही. फक्त वेळ जातो." बाहेर येऊन अक्कानं हे जसंच्या तसं आईला सांगितलं. दडवलं नाही.

मुंबईचे दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आधी मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट वर नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी नाकाच्या वाटेनंच दुर्बिणीनं गाठ काढली. चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. आज मी मुलांना शरीराचा धडा शिकवताना हे सांगतो तेव्हा त्यांना जादू वाटते. मलाही वाटतेच. ऑपरेशनच्या आधी मी अक्काला विचारलं होतं, मी मरणार का? आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. अक्का म्हणाली, "माले नही माहीत. डाक्टर म्हनस, नही. त्यासले माहीत शे." खोटा धीर दिला असता तर मला कळलं असतं... तिच्या त्या बोलण्यानं मी झोपलो. त्या सगळ्या दिवसांत आई अक्काशी थेट बोलत नव्हती. डबा उघडायची आणि मला सांगायची, "हर्षल, विचार अक्कांना, भाकरी हवी का." अक्का मला सांगायची, "सांग तुन्ही मायले, अर्धी दे." नाकात बोळे कोंबलेला मी दोघींच्या मधे टपालखातं चालवत होतो.

पुढच्या हिवाळ्यात दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा वारा पथारींकडून येत होता. मी चार पावलं चाललो आणि नाकात काहीतरी सळसळलं. मी शिंकलो. पुन्हा शिंकलो, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. घराच्या उंबऱ्यावरही शिंकलो, तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, घरात शिरताना शिंक, अपशकुन. अक्का तिच्यावर ओरडली, "चूप बस! शिंकना मन्हा पोऱ्या!" आणि विलासभाऊला जिलेबी आणायला पिटाळलं. शिंकेची जिलेबी वाटणारं आमचं घर त्या गावात पहिलंच असावं.

आता सगळ्यांना वाटलं, अक्का कांदा सोडणार. तिनं सोडला नाही. ती स्वतःहून धुळ्याला जाऊन डॉक्टरबाईंपुढे बसली आणि घोळणा फुटल्यावर नेमकं काय करायचं ते दाखवा म्हणाली. मान मागे नाही, पुढे वाकवायची. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून ठेवायचा, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं. मान मागे टाकायची तिच्या हाताची आयुष्यभराची सवय, ती मोडताना तिच्या नाकी नऊ आले. पण बाया येणार त्या कांद्यासाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रक्त थांबलं की ती कांदा फोडायची, आधी एक नाकपुडी दाबून विचारायची, मग दुसरी. दोन्हींत वास आला तर म्हणायची, "मंग जाय, खेय," की पोरगं खेळायला पसार. एकच बाजू चोंदलेली असली, सारखं त्याच बाजूनं रक्त येत असलं, गाल किंवा डोळा सुजल्यासारखा दिसला, तर एकच वाक्य, "हाई मन्हं काम नही. डाक्टरले दखाडा."

गावानं नाक मुरडलं. पोराच्या दुखण्यानं अक्का भ्यायली, तिच्या हातचा गुण गेला, असं लोक म्हणू लागले. काही बाया दुसरीकडे जाऊ लागल्या. शेजारच्या नसीमभाभींच्या छोट्या मुलीच्या एका नाकपुडीतून घाण वास यायचा. अक्का हटूनच बसली, भाभींना घेऊन धुळ्याला गेली. तिथे निघाला चिंचोका! पोरीनं खेळता खेळता घातला होता आणि विसरून गेली होती. गावात हसून हसून लोकांची पुरेवाट. "अक्का, आनखी थोडं थांबती ते चिंचनं झाड उगतं," असं विलासभाऊसुद्धा म्हणाला. अक्का म्हणाली, "काही वंगाळ नही निघनं ते चांगलंच व्हयनं ना!" तिनं पाठवलेल्या बहुतेक पोरांच्या नाकांत सर्दीपलीकडे काही निघालं नाही, आणि दरवेळी ती तितकीच खूश व्हायची.

पण स्टेशनामागच्या वस्तीतल्या एका मुलीचं तसं झालं नाही. गाल सुजला होता, घरचे दाढ म्हणत होते. अक्कानं कांदा एकेका नाकपुडीशी धरला आणि वाक्य म्हटलं. ती गाठ वाईट निघाली. मुंबईला औषधं, विजेचे शेक, केस गेले, शाळेचं वर्ष गेलं. अक्का दर आठवड्याला तिच्या आजीकडे जाऊन बसायची, देठ खुडू लागायची. अक्काच्या दहाव्याला ती मुलगी आली होती. कॉलेजात शिकते, लांब वेणी घातली होती. वाढपाला तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

आईचं मात्र शेवटपर्यंत पूर्ण निवळलं नाही. ती अक्काशी बोलायला लागली, सणाला साडी द्यायची, पण ओट्यावरच्या नव्या पद्धतीचं कुणी कौतुक केलं की म्हणायची, "उशिरा सुचलेलं शहाणपण." मला राग यायचा. आता येत नाही. ज्या बाईनं बाकावर बसून मुलाचा डोळा जाणार की जीव, याचा विचार केलाय, तिला आपण किती दिवसांत माफ करायला सांगणार? अक्कानंही कधी सांगितलं नाही. ती म्हणायची, "तिना राग शे तवलग तिले याद शे. ऱ्हाऊ दे."

गेल्या रविवारी आम्ही महिन्याच्या विधीसाठी दोंडाईच्याला गेलो होतो. पथारीवरची मिरची आता बरीच उचलली गेलीय, तरी वाऱ्याला खाट आहे. जेवणं उरकली होती, बायका अंगणात बसल्या होत्या. तेवढ्यात दारातून एक तरुण बाई घाईघाईनं आत आली, कडेवर चार-पाच वर्षांचा मुलगा, त्याच्या सदऱ्यावर रक्त. कुठल्याशा बाहेरच्या गावची होती, तिला काही कळलेलं नव्हतं. "अक्का शे का?" तिनं विचारलं.

विलासभाऊ उठायला लागला, मीही उठलो. पण त्याआधी आई उठली होती. तिनं मुलाला कडेवरून घेतलं, न्हाणीजवळच्या त्याच दगडावर बसवलं, त्याची मान पुढे वाकवली आणि नाक चिमटीत धरलं. दुसऱ्या हातानं ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. बराच वेळ तिनं चिमटी सोडली नाही. रक्त थांबलं. आईनं माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी आत गेलो, टोपलीतून कांदा घेतला, बुक्कीनं फोडला आणि तिच्या हातात दिला.

आईनं मुलाची एक नाकपुडी अंगठ्यानं दाबली. आणि तिच्या तोंडून कधीही न निघालेल्या बोलीत, अडखळत, पण अगदी अक्काच्याच सुरात म्हणाली, "ह्या नाकमा येस का?"

"येस."

"आनि ह्या नाकमा?"

मुलानं तोंड वेडंवाकडं केलं. "येस ना! कितला उग्र शे!"

"मंग जाय," आई म्हणाली, "खेय."